जुन्या फ्लोअरस्टँडिंग स्पीकरच्या वूफरचा फोम झडलाय. घरी बदलता येईल का? मधल्या स्पीकरच्या वायरी उलट्या दिसतायत, त्याही सुलट करू का? आणि खोलीत कुठे ठेवू?

फोम बदलता येतो. वायरींना मात्र हात लावू नका. खरं तर त्या एका वाक्यासाठीच लिहायला बसलोय, फोमचं कुणीही सांगेल.

तरी फोमचं उरकतो. तो म्हणजे वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कागदी शंकूभोवतीची लवचिक कडा. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणानेच कुजतो. स्पीकर रोज वाजवा नाहीतर झाकून ठेवा, 15-20 वर्षांत त्याचा भुगा होतोच. (रबरी कडा असती तर हा प्रश्नच आला नसता.) नवी रिंग चिकटवणं सोपं आहे, जुना चिकटा काढणं हेच खरं काम. माझ्या दोन वूफरना अख्खा रविवार गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, बोथट सुरी, आणि संध्याकाळी नखांत डांबरासारखा काळा थर. मधली टोपी ब्लेडने कापून काढा आणि कॉइल (कागदाला जोडलेली तारेची गुंडाळी) व आतला लोखंडी खांब यांच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचा, म्हणजे कॉइल मधोमध राहते. रिंग आधी कागदाला, ती सुकली की फ्रेमला. 24 तासांनी पट्ट्या काढून दोन्ही अंगठ्यांनी कागद सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर पुन्हा उकला. मला एक वूफर पुन्हा उकलावा लागला.

आता वायरी. वूफर बाहेर होते तेव्हा मदतीला दाजी आले होते. दाजींनी आयुष्यभर वायरिंग केलंय, घरांचंही आणि कारखान्यांचंही. लाल ती लाल आणि काळी ती काळी, यापुढे ते कुणाचं ऐकत नाहीत. मी टॉर्च धरला होता. मिडच्या, म्हणजे मधल्या स्पीकरच्या, मायनसला लाल वायर पाहून ते हसले. "कंपनीची चूक आहे रे. इतकी वर्षं उलटं ऐकत होतास तू." दोन मिनिटांत सोल्डर सोडवून दोन्ही खोक्यांत वायरी सुलट केल्या. मी गप्प बसलो, कारण मला तरी कुठे माहीत होतं?

स्पीकर लावले. बास परत आला, अगदी आठवणीतला. पण गाणाऱ्या बाई दोन पावलं मागे सरकल्या होत्या. शब्द कळत होते, गळा हरवला होता. दाजी म्हणाले, "आता क्लिअर झालंय, तुझ्या कानाला सवय नाही." महिनाभराने तेच म्हणाले, "कपॅसिटर गेले असतील, सगळे बदल." सगळे बदलले. बाई जिथल्या तिथेच.

कारण साधं होतं आणि ते मला स्वतःला शोधावं लागलं. माझा क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारं सर्किट) 12 डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा, म्हणजे हद्दीबाहेर फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी झाली की आवाज 12 डेसिबलने उतरवणारा. अशा क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि मिड जिथे एकमेकांना भेटतात, तिथे वूफरचा फेज (लहरीचा ताल) 90 अंश मागे पडतो आणि मिडचा 90 अंश पुढे जातो. एकूण 180. दोन्ही सुलट जोडले की त्या पट्ट्यात एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि आवाजाला खड्डा पडतो. तो पडू नये म्हणून बनवणारा मिड मुद्दाम उलटा जोडतो. चूक असती तर एखाद्या खोक्यात असती. दोन्ही खोक्यांत तंतोतंत तीच 'चूक' पाहून तेव्हाच शंका यायला हवी होती.

दाजींसमोरच तपासलं. एकच स्पीकर, क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीचा सूर (माझ्याकडे 700 हर्ट्झ), समोर एक मीटरवर, वूफर आणि मिडच्या मधल्या उंचीला, फोनमधला डेसिबल मीटर. आधी दाजींची जोडणी, मग कंपनीची. कंपनीच्या जोडणीला आकडा सहा-सातने चढला. दाजी म्हणाले, "फोनचं काय खरं धरायचं?"

म्हणून सांगतो, रंग बघून स्पीकर जोडू नका. वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा आणि कागद बाहेर येतो की आत जातो ते बघा. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत, बस. जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरमध्ये लाल टोकाला प्लस दिला की कागद आत जातो, ती त्यांची पद्धतच होती. कपॅसिटरही मोजल्याशिवाय काढू नका. जुने नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतात हे खरं, पण माझ्या सहापैकी दोनच बिघडले होते, आणि हे मी सगळे काढून झाल्यावर मोजलं. त्यांच्या जागी फिल्म कपॅसिटर लावले तर त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) थोडा चढा वाटू शकतो.

हो, एक राहिलं. सगळ्याच स्पीकरमध्ये मिड उलटा नसतो. 6 किंवा 18 डेसिबलच्या क्रॉसओव्हरचं गणित वेगळं. आणि तुमच्या एकाच खोक्यात वायरी उलट्या असतील तर आधीच्या मालकाकडे कुणी दाजी येऊन गेले असतील. मग वरची सुराची चाचणी करा आणि आकडा सांगेल तसं जोडा.

जागेचं म्हणाल तर कोपरा टाळा, बास फुगतो. वूफरपासून मागच्या भिंतीपर्यंत 86 सेंटीमीटर असलं तर परत येणारा आवाज 100 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो (ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, तरंगलांबीचा चौथा हिस्सा धरा). मागची भिंत आणि बाजूची भिंत सारख्याच अंतरावर ठेवू नका. बाकी ओळखीचं गाणं लावून वीतभर पुढे-मागे सरकवत बसा.

आणि काहीही सोडवण्याआधी फोटो काढा. मी काढला नव्हता. त्यामुळे हल्ली दाजी सांगतात की त्यांनी वायरी बदललेल्याच नव्हत्या.