टॉन्सिल काढायचे आहेत, हे मुलाला सांगावे का?

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सात वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल काढण्याचा सल्ला दिल्यावर एक आई माझ्याकडे आली. "मॅडम, नुसत्या तपासणीला जातोय असं त्याला सांगितलं तर चालेल ना?" हा तिचा प्रश्न होता. थोडे बोलल्यावर मात्र लक्षात आले की मुलाआधी धीर तिलाच हवा आहे, कारण टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती संपते, असे नातेवाइकांनी तिच्या मनात भरवले होते.

ही शंका अगदीच निराधार नाही. टॉन्सिल प्रतिकार यंत्रणेचा भाग आहेतच. परंतु जिभेच्या मुळाशी आणि घशात इतरत्र तशाच ऊती असतात, त्यांचे काम चालू राहते आणि टॉन्सिल काढल्यामुळे मूल सतत आजारी पडू लागते असे सहसा दिसत नाही. शिवाय वर्षभरात 7, सलग दोन वर्षे दरवर्षी 5 किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी 3 वेळा घसा तीव्र सुजला, तरच साधारणपणे त्या कारणासाठी शस्त्रक्रियेचा विचार होतो. या मुलाचा तर झोपेत श्वासही अडकत असे, आणि माझ्या मते तेच अधिक गंभीर कारण होते. तरीही हे सारे तज्ज्ञांना विचारून घ्या, असे मी तिला सांगितले. संकोचापोटी तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

पुढच्या भेटीत मुलगा आला. त्याला खरे सांगितल्यावर त्याने गळ्यावरून बोट फिरवत विचारले, "इथून कापणार?" टॉन्सिल तोंडातून काढतात, बाहेर एकही टाका पडत नाही आणि भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ जवळ असतात, हे ऐकून त्याने मान डोलावली. "अजिबात दुखणार नाही" असे मात्र मी आईला म्हणू दिले नाही. घसा आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त दुखतो, आणि फसवले गेलेले मूल नंतर पाण्याचा घोटही घेत नाही.

जखमेवरचा पांढरट थर म्हणजे पू नव्हे, हे तिला आधीच समजावले होते. ताजे लाल रक्त दिसले, तर थोडे असले तरी ताबडतोब रुग्णालय गाठायचे, विशेषतः पहिल्या 24 तासांत आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान, हे तिने लिहूनच घेतले. शस्त्रक्रियेनंतर मुलगा कान दुखतो म्हणून रडला, तेव्हा घशाची वेदना कानातही जाणवते हे ठाऊक असल्याने ती घाबरली नाही. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक वेळेवर देत तिने त्याला घोट घोट पाणी पाजले.