वाचकांचे प्रश्न : जहाजातून उतरून टोकियोच्या मासळी बाजारात

प्रश्न : आम्ही दोघे एप्रिलमध्ये क्रूझने जपानला जाणार आहोत. जहाज टोकियोला सकाळी सातला लागते आणि संध्याकाळी सहाला सुटते. त्सुकिजीच्या बाजारातला ट्यूनाचा लिलाव पाहायची फार इच्छा आहे. कसे जमवावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : या वेळापत्रकात लिलाव बसत नाही. त्सुकिजीत तर तो आता होतच नाही. १९३५ पासून तिथे असलेला घाऊक बाजार ६ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद झाला आणि ११ ऑक्टोबरला टोकियोतच तोयोसू येथे सुरू झाला. ट्यूनाची बोली पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होऊन साडेसहापर्यंत आटोपते. सातला लागलेल्या जहाजातून बोटांचे ठसे, फोटो आणि पासपोर्ट तपासणी उरकून बाहेर पडायला साडेआठ-नऊ वाजतात.

जहाज टोकियोत रात्रभर थांबणार असेल तरच लिलावाचा विचार करावा. काचेआडच्या वरच्या सज्जातून कोणालाही पाहता येते. खालचा सज्जा बोलीच्या अगदी जवळ आहे, पण त्यासाठी आधीच्या महिन्यात ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि सोडतीत नाव यावे लागते. इतक्या पहाटे रेल्वेच्या भरवशावर न राहता टॅक्सी करावी.

पाहायचे काय, तेही सांगतो. आपल्या इंदूरच्या चोइथराम मंडीत आडत्या माल पुकारतो, तसेच तिथे घाऊक कंपनीचा माणूस पुकारतो. बोली लावतात ते परवानाधारक दलाल. आधी ते माशाच्या कापलेल्या शेपटीवर टॉर्चचा उजेड टाकून मांसाचा रंग आणि चरबी पारखतात, चिमूटभर मांस बोटांत चोळून पाहतात. बोली बोटांच्या खुणांनी लागते आणि एकेक मासा काही सेकंदांत विकला जातो. ५ जानेवारी २०१९ रोजी, वर्षाच्या पहिल्या लिलावात, २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. पहिल्या दिवसाचा भाव मानाचा असतो, त्यावरून रोजच्या दराचा अंदाज बांधू नये.

तुमच्या दिवसासाठी आमचा सल्ला त्सुकिजीचाच आहे. घाऊक बाजार हलला, तरी बाहेरचा किरकोळ बाजार जागच्या जागी आहे. अरुंद गल्ल्यांत मासळी, चहा, लोणची, सुके समुद्री शेवाळ, सुऱ्या यांची शेकडो दुकाने आहेत. नऊला तोयोसूत गेलात, तर काचेतून धुतलेली रिकामी फरशी दिसेल. त्सुकिजी मात्र तेव्हा ऐन भरात असते. दुपारी एकनंतर दुकाने आवरू लागतात आणि दोनपर्यंत बहुतेक बंद होतात.

जहाज टोकियो आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलला लागले, तर त्याच नावाच्या स्टेशनावरून युरिकामोमे ही चालकाविना धावणारी गाडी पकडावी. शिम्बाशीच्या दिशेने सहावे स्टेशन शिओदोमे. तिथे ओएदो या भुयारी रेल्वेच्या मार्गिकेवर बदलले की पुढचेच स्टेशन त्सुकिजिशिजो. तोयोसूचा बाजार उलट दिशेला, तोही सहाव्याच स्टेशनावर, शिजोमाए येथे आहे. त्यामुळे फलाटावर दिशा नीट वाचून चढावे.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिले म्हणजे वार. रविवारी, सरकारी सुट्यांना आणि काही बुधवारी घाऊक बाजार बंद असतो आणि त्सुकिजीतलीही बरीच दुकाने उघडत नाहीत. टोकियो महानगर प्रशासन वर्षभराचे बाजार-कॅलेंडर प्रसिद्ध करते. तिकीट काढण्यापूर्वी ते पाहावे. दुसरे बंदर. क्रूझच्या पत्रकात नुसते ‘टोकियो’ लिहिलेले असते आणि जहाज लागते योकोहामाला. ओसानबाशी धक्क्यावरून निहोन-ओदोरी स्टेशन, तिथून योकोहामा स्टेशन, मग जेआर रेल्वेने शिम्बाशी आणि पुढे वीसेक मिनिटे चालणे, असा एकेरी सव्वा ते दीड तास धरावा. परतताना जहाज सुटण्याची नव्हे, प्रवाशांनी चढण्याची शेवटची वेळ पाहावी. ती अर्धा ते एक तास आधीची असते.

प्रश्न : जपानचा ई-व्हिसा क्रूझला चालतो का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. तो विमानाने येणाऱ्यांसाठी आहे. जहाजाने जाणाऱ्याने पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा घ्यावा. मधे दक्षिण कोरियातल्या बुसानसारखे परदेशी बंदर असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे जाताच संपतो आणि पुढच्या जपानी बंदरात उतरता येत नाही. ठरावीक जहाजांच्या प्रवाशांना व्हिसाशिवाय उतरण्याची वेगळी परवानगी असते, पण आपले जहाज त्या यादीत आहे का हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

प्रश्न : यजमान मासे खातात, मी शुद्ध शाकाहारी. त्यांना कच्चा मासा बाधणार नाही ना? आणि मी तिथे काय खाऊ?
— एक वाचिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : कच्च्या माशात खरी धास्ती अनिसाकिस या कृमीची. बांगड्याच्या जातीचा साबा आणि माकूळ यांत तो जास्त सापडतो. उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्याने किंवा नीट शिजवल्याने तो मरतो. व्हिनेगर, मीठ, वासाबी यांनी मरत नाही. लांबच्या समुद्रातला ट्यूना बोटीवरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात, म्हणून सुरुवात त्याने करावी : आकामी म्हणजे बिनचरबीचा लाल भाग, चुतोरो मध्यम, ओतोरो सर्वांत तुपकट. खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराची कळ आली, तर जहाजावरच्या डॉक्टरांना कच्चा मासा खाल्ल्याचे आधी सांगावे.

तुम्हाला अधिक सावध राहावे लागेल. तिथे काठीला टोचून मिळणारे गोडसर ऑम्लेट, मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, भाज्यांची शिजवण या सगळ्यांत बहुधा ‘दाशी’ असते, म्हणजे सुक्या बोनितो माशाचे पाणी. ‘मासा नको’ म्हटले तरी दाशी राहते, कारण स्वयंपाक्याच्या लेखी ती चव आहे, मासा नव्हे. ‘कात्सुओ-दाशी नाशी’ (बोनितोची दाशी नको) असे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. फळे, भाजलेले चेस्टनट, साधा भात आणि ग्रीन टी यांवर सकाळ निभते. जहाजावर भरपेट नाश्ता करून उतरणे सर्वांत सोपे. चालता चालता खाऊ नये, घेतले त्या दुकानापुढेच उभे राहावे आणि काडी-कागद तिथेच परत द्यावा. रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच दिसतात. छोट्या दुकानांसाठी येनच्या नोटा हव्यात. बाजाराच्या कडेला नामियोके देऊळ आहे, नावाचा अर्थ ‘लाटा टाळणारे’. आवारात सुशी, कोळंबी, अंडी यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा आहेत, त्या आवर्जून पाहा.

प्रश्न : तिथली सुरी घ्यावी का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : जरूर, पण साशिमीची, म्हणजे कच्च्या माशाचे काप करायची, लांब सुरी नको. तिला एकाच बाजूने धार असते, ती उजव्या हातासाठी बनवलेली असते आणि टोमॅटो-कांदा तिने तिरका कापला जातो. घरासाठी दोन्ही बाजूंनी धार असलेली, साधारण १७ सेंटिमीटर पात्याची सान्तोकू घ्यावी, तीही स्टेनलेस. कार्बन पोलादाची लिंबू-चिंचेने काळवंडते आणि ओली राहिली तर एका रात्रीत गंजते. जहाजावर चढताना सुरक्षारक्षक सुरी ठेवून घेतात आणि प्रवास संपताना परत देतात. पावती सांभाळावी, आणि उतरायच्या सकाळी सुरी हातात आली की लगेच विमानात चेक-इन करायच्या बॅगेत टाकावी.