तारांगणात सहल न्यावी का?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. यंदा सहलीत मुंबईचं नेहरू तारांगण घ्यावं असं मला वाटतं, पण बाकीचे शिक्षक म्हणतात मागे एकदा तारांगणात नेलं तर अर्धी पोरं एसीत झोपून गेली, त्यापेक्षा वॉटरपार्क बरा. काय करू?

उत्तर: ताई, न्या, नक्की न्या. पोरं झोपणारच हो, रात्रभर एसटीत जागलेली असतात आणि वर नेमकं काय बघायचं ते आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमची मुलं शेतकऱ्यांच्या घरातली, ७-८ जूनला घरात "मृग लागला" हे ऐकतच मोठी झालेली. वर्गात एकच प्रश्न टाका, जूनमध्ये रात्री मृग आकाशात दिसतो का? नाही दिसत, तो संध्याकाळी छान दिसतो जानेवारी-फेब्रुवारीत. कारण मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, मग मृग दिवसा सूर्यासोबतच वर असतो आणि उजेडात बुडून जातो. हे फळ्यावर सांगताना माझा अख्खा तास जायचा तरी निम्म्यांच्या डोक्यावरून जायचं, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं शिकवूनही मलाच ते नीट कळलं ते घुमटाखाली बसल्यावर, भरदुपारचा सूर्य आणि त्याच्या शेजारी तारे एकत्र दिसले तेव्हा. असं दृश्य तारांगणात छान दाखवता येतं, म्हणून आधी फोन करून विचारा की शाळेच्या बॅचला ८ जूनची दुपार उजेड काढून दाखवाल का. सगळीकडे जमेलच असं नाही, पण विचारायला काय हरकत.

जायच्या आधी गावातच ध्रुवतारा मोजून घ्या. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, आणि ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, तुमच्याकडे साडेसतरा-अठरा, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठींना थोडं कमी. भूगोलातला अक्षांश असा हातात येतो.

आणि खर्चाचं कुणी बोललं तर सांगा, १९५४ सालीच पुण्यात टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण उभं राहिलं, चक्क शाळेत, मग आपण नुसतं बघायला जायचा खर्च तो केवढा.

शो शक्यतो सकाळचा घ्या, आणि परतल्यावर आठवडाभरात एका रात्री मुलांना शाळेच्या मैदानावर बोलवा, पालकांनाही.