नातेवाइकांच्या बोलण्याला कंटाळून एम.एस्सी. नर्सिंगला जावं का?

प्रश्न: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. तीन वर्षं खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात आहे. काम आवडतं, पण नातेवाइकांशी बोलताना जीव मेटाकुटीला येतो. पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बी.एस्सी. नर्सिंग) करून एम.एस्सी. केलं तर यातून सुटका होईल का?

उत्तर: एम.एस्सी. जरूर करा, पण सुटकेसाठी करू नका. मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, मध्ये एम.एस्सी. केलं, आता परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज आहे. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर झालात तरी विद्यार्थिनींचं पोस्टिंग वॉर्डातच असतं. पेशंटचा मुलगा एखादीवर खेकसला की ती तुमच्याच तोंडाकडे बघणार. आणि इनचार्ज झालात तर विचारूच नका, स्टाफवर चिडलेला प्रत्येक माणूस शेवटी तुमच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो.

तेव्हा आधी बोलण्याचं बघू. ते शिकता येतं, फक्त आपल्याला कुणी नीट शिकवलेलं नसतं.

रात्री आठची ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं, चालू आहे. एक बाई तिसऱ्यांदा येऊन विचारते, ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ आपण रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणतो, ‘येतील.’ भांडणाची सुरुवात इथे होते. तिच्या नवऱ्याला दम लागलाय, आणि ‘येतील’ या शब्दाला तिला धरून बसता येत नाही. त्याऐवजी तिच्याकडे बघून म्हणा, ‘डॉक्टर इमर्जन्सीत अडकलेत, मी कळवलंय. आत्ताच ऑक्सिजन बघून आले, ठीक आहे. डॉक्टर येवोत न येवोत, साडेआठला मी स्वतः तुमच्या बेडपाशी येते.’ आणि साडेआठला जायचं. सांगायला काही नवीन नसलं तरी जायचं. लोकांना उशीर सहन होतो, आपल्याला कुणी विचारत नाही हे सहन होत नाही. अर्थात दम वाढला असेल तर साडेआठची वाट कसली बघायची, तिथल्या तिथे उठायचं.

दुसरी गोष्ट, डिस्चार्जच्या वेळची. ‘समजलं का आजी?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ‘हो’च येतं. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज आजींच्या हातात द्या आणि म्हणा, ‘घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, मला सांगून दाखवा.’ मग कळतं, आजी जेवल्यावर टोचणार आहेत, कारण आधी टोचलं तर चक्कर येते असं शेजारणीने सांगितलंय. आणि गुरुवारचं नक्की विचारा. उपवास असला की काही जणी इन्सुलिन बंद ठेवतात आणि वर ताटभर साबुदाण्याची खिचडी खातात. (खिचडीला पेशंट पथ्याचंच अन्न समजतात, यावर मी वाद घालणं सोडून दिलंय. डॉक्टरांकडून उपवासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून घेते.)

डॉक्टरांना फोन करतानाही तेच. ‘सर, बेड सातचं बीपी कमी झालंय’ म्हटलं की पलीकडून ‘बरं, बघतो’ येतं. त्याऐवजी: ‘मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड सात, काल जुलाब-उलट्यांसाठी ॲडमिट झालेले. दुपारी बीपी ११०/७० होतं, आत्ता ८०/५०, पल्स १२४, चार तासांत लघवी जेमतेम ५० एमएल. मला शॉकमध्ये चाललेत असं वाटतंय. लगेच या, आणि तोवर फ्लुइड किती देऊ सांगा.’ काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय. याला एसबार म्हणतात. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून ही पद्धत दवाखान्यांत आली. तिसरा भाग आपल्या मुली गाळतात, ‘मी कोण सांगणार’ म्हणून. तोच गाळू नका.

शिवीगाळ आणि अंगावर येणं मात्र संवादाच्या खात्यात धरू नका. दवाखान्यांतल्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तो नर्सनाही लागू आहे. हिंसाचाराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. अशा वेळी सिक्युरिटी, इनचार्ज आणि लेखी रिपोर्ट, याच क्रमाने.

आता शिक्षण. पोस्ट बेसिक दोन वर्षं, एम.एस्सी. दोन वर्षं. एम.एस्सी.साठी ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. तुमचा अनुभव पोस्ट बेसिकच्या आधीचा असला तरी चालतो, त्यामुळे मध्ये थांबायची गरज नाही. पण एम.एस्सी.चा रस्ता मुख्यतः शिकवण्याकडे जातो हे डोळे उघडे ठेवून ठरवा. ‘काम आवडतं’ असं तुम्हीच लिहिलंय. बेडसाइड सोडायचं नसेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स बघा, त्यात बराचसा वेळ आयसीयूतच जातो.

मी तुमच्या जागी असते तर आधी वय पाहिलं असतं. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या सरकारी भरती परीक्षेला, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे असणार. पण खुल्या गटाला वयाची अट ३० आहे. मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. एम.एस्सी. पस्तिशीतही होतं, नॉरसेट होत नाही. अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घ्या. नोकरी सोडल्यावर तो दाखला मिळवताना चपला झिजतात.

परदेशाचं विचारलं नाहीत, पण पुढेमागे विचाराल म्हणून सांगते. इंग्लंडसाठी ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा) दिलीत तर बोलण्याच्या परीक्षेत दोन रोल-प्ले असतात. समोर घाबरलेला पेशंट नाहीतर वैतागलेला नातेवाईक. पेशंटचं म्हणणं तुम्ही ऐकून घेता का, याला गुण असतात. पुढे ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेतही तेच. जर्मनीला जायचं तर हे सगळं जर्मनमध्ये, बी-टू पातळीवर.

वय किती आणि जीएनएमला टक्के किती, हे कमेंटमध्ये लिहा. पोस्ट बेसिक आधी की नॉरसेट आधी, ते त्यावर नेमकं सांगता येईल. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं आहे का, ते आजच कपाटातून काढून बघा.