पुस्तक पिवळंधम्मक, पाटी कोरी

"मॅडम, माझं वाचन फार स्लो आहे. वीस पानांना चार तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. स्पीड रीडिंगचा कोर्स लावू का?" नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी, नीट बसायच्या आधीच विचारती झाली. परीक्षा जवळ आली की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच.

मी पुस्तक दाखव म्हटलं. मूत्रपिंडाचं प्रकरण. पान नुसतं पिवळंधम्मक. न रंगवलेल्या ओळी शोधाव्या लागत होत्या. (कॉलेजात मीही हेच केलंय, त्यामुळे हसायचा हक्क मला नाही.) एका वाक्यावर हायलाइटर दोनदा फिरला होता: मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो.

मी पुस्तक मिटलं. "मग लघवी दीड-दोन लिटरच कशी? बाकीचं पाणी जातं कुठे?"

ती गप्प. मग ओशाळून हसली. "हे डोक्यातच नाही आलं." वाक्य तिने चारदा तरी वाचलं होतं!

"शोध आता."

या वेळी नजर ओळीमागून ओळ रांगत गेली नाही. दोन परिच्छेद ओलांडून ती 'पुनःशोषण' या शब्दावर थांबली. तो परिच्छेद मात्र सावकाश वाचला, एकदा मागेही गेली. मग पुस्तक न बघता सांगितलं, "जवळजवळ ९९ टक्के पाणी नलिकांमधून परत रक्तात जातं."

कोर्स नको म्हटलं. वेग फार ताणला की समज घटते. आणि पुन्हापुन्हा वाचून मजकूर ओळखीचा होतो, पण ओळखीचा म्हणजे येतो असं नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे.

तिला एवढंच दिलं: प्रकरणाखालचे प्रश्न आधी वाचायचे, एक भाग झाला की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, सुटलेलं वेगळ्या शाईने भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद.

आठवड्याने आली ती चिडूनच. "याने तर अजून वेळ जातोय! कागद समोर घेतला की रडू येतं." सुरुवातीला वेळ जातोच, ते मी आधी सांगायला हवं होतं. शिवाय ती अख्खं प्रकरण वाचून मग लिहायला बसत होती. दोन-दोन पानांवर आणलं.

तिसऱ्या भेटीत वीस पानं अडीच तासांवर आली होती. हायलाइटर दिसला नाही. समासात पेन्सिलीने प्रश्न होते. एक मला वाचून दाखवला, "मीठ जास्त झालं की तहान का लागते?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर तिने पुढचं प्रकरण उघडलंसुद्धा.