वाचकांचे प्रश्न: नोकरी सोडली, आता नवऱ्याच्या यूके व्हिसासाठी कमाई कशी दाखवू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी यूकेमध्ये सेटल्ड आहे (म्हणजे कायम राहायची परवानगी आहे), नवरा भारतात आहे, लग्नाला आठ महिने झाले. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी मी नोकरी सोडली आणि ऑक्टोबरपासून स्वतःचं डिझाइनचं काम करतेय. एप्रिल ते सप्टेंबर पगाराचे १५,५०० पौंड झाले होते, आता महिन्याला साधारण २,६०० ची बिलं जातात. दोघांची सेव्हिंग मिळून ३०,००० पौंडच्या आसपास आहे, नवऱ्याला तिकडे चांगला पगार पण आहे. जानेवारीत स्पाउस व्हिसाचा अर्ज करायचा विचार आहे. ओळखीचे म्हणतात तीन महिन्यांची बिलं, बँक स्टेटमेंट आणि अकाउंटंटचं लेटर लावलं की झालं. खरंच चालेल का?

उत्तर: नाही गं, जानेवारीत अजिबात करू नकोस. एकमेकांपासून लांब राहणं किती जड जातं ते मला माहितीये, म्हणूनच आधी वाईट बातमी सांगून टाकते.

अट अशी आहे की ११ एप्रिल २०२४ पासून नवीन अर्जाला वर्षाला २९,००० पौंडची कमाई दाखवावी लागते, आधी १८,६०० होती. नोकरदार माणूस एकाच ठिकाणी सहा महिने झाले की पेस्लिप लावून मोकळा होतो, पण स्वतःचं काम करणाऱ्याचं महिन्यावर मोजतच नाहीत, त्याचं शेवटचं पूर्ण झालेलं टॅक्स इयर बघतात, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल (किंवा शेवटच्या दोन वर्षांची सरासरी). आता तू जानेवारी २०२६ मध्ये अर्ज केलास तर शेवटचं पूर्ण वर्ष कुठलं? २०२४-२५. त्या वर्षात तुझा धंदाच नव्हता, आणि जी नोकरी होती ती आता नाहीये. म्हणजे हातात काहीच उरत नाही. "याच स्पीडने वर्षाचे एवढे होतील" असा हिशोब ते धरत नाहीत, अकाउंटंटने कितीही चांगलं लेटर लिहून दिलं तरी.

आता चांगली बाजू. ५ एप्रिल २०२६ ला २०२५-२६ संपलं की त्याच वर्षातला तुझा जुना पगार आणि धंद्याचा नफा दोन्ही एकत्र धरता येतात, फक्त अर्ज करताना धंदा चालू असला पाहिजे. हे खूप जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं पगार गेला तो गेला. तर त्या सहा महिन्यांच्या पेस्लिप शोधून ठेव आणि जुन्या ऑफिसकडून पगार, पद, कधीपासून कधीपर्यंत काम केलं असं सगळं लिहिलेलं लेटर आत्ताच माग, नंतर तिथली माणसं बदलतात आणि कोणी मेलला उत्तर देत नाही.

पण आकडे नीट बघ हां. १५,५०० पगार, सहा महिन्यांची बिलं १५,६००, एकूण ३१,१००, वाटतं झालं काम. पण बिलाची रक्कम नाही, खर्च वजा जाऊन जो नफा राहतो तो धरतात. लॅपटॉप, सॉफ्टवेअर, प्रवास मिळून समजा २,५०० खर्च दाखवलास तर २८,६०० वर येतेस, ४०० पौंड कमी. आणि ४०० कमी म्हणजे २०२६-२७ संपेपर्यंत, एप्रिल २०२७ पर्यंत थांबायचं, कारण थोडक्यासाठी सूट असा प्रकार नाहीये. शिवाय साध्या सोल ट्रेडरचा, म्हणजे कंपनी न काढता एकट्याने धंदा करणाऱ्याचा हिशोब आता मुळातच कॅश बेसिसवर असतो, म्हणजे पैसे खात्यात आले तो दिवस धरायचा. मार्चचं बिल क्लायंटने एप्रिलच्या शेवटी भरलं तर ते पुढच्या वर्षात गेलं आणि तुझे आणखी २,६०० गेले! म्हणून मार्चची बिलं लवकर पाठव, फोन करून मागे लाग, ५ एप्रिलच्या आत पैसे आले पाहिजेत, आणि जमलं तर एखादं जास्तीचं काम आत्ताच घे. आकडा फुगवायचा मात्र नाही, होम ऑफिस (व्हिसा देणारं यूकेचं गृहखातं) एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याकडे पडताळू शकतं आणि खोटं सापडलं तर पुढचे अर्ज पण अडकतात.

सेव्हिंगचं सगळ्यात जास्त गोंधळाचं. स्वतःच्या धंद्याच्या कमाईत सेव्हिंग मिळवताच येत नाही, एक पौंड पण नाही. नुसत्या सेव्हिंगवर करायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने ताब्यात हवेत. नोकरीच्या पगारात मात्र मिळवता येते, पहिले १६,००० सोडायचे आणि उरलेल्याला अडीचने भागायचं, तुमच्या ३०,००० चे ५,६०० होतात, म्हणजे २३,४०० पगाराची नोकरी धरून सहा महिने केलीस तरी अट पूर्ण होते. धंदा नीट चालला नाही तर हा रस्ता लक्षात ठेव. नवऱ्याचा तिकडचा पगार धरत नाहीत, त्याची सेव्हिंग धरतात.

सेल्फ असेसमेंटचं, म्हणजे स्वतःचा टॅक्स रिटर्न स्वतः भरण्याचं रजिस्ट्रेशन आत्ताच कर. रिटर्नची ऑनलाइन मुदत ३१ जानेवारी २०२७ आहे, पण ६ एप्रिललाच भरता येतो, कशाला थांबायचं? भरला की एसए ३०२ (टॅक्सचा हिशोब) आणि टॅक्स इयर ओव्हरव्ह्यू (त्या वर्षाचा किती टॅक्स लागला, किती भरला तो उतारा) दोन्ही काढून घे, एकाने भागत नाही. अकाउंट्स ऑडिट केलेले नसतील तर मान्यताप्राप्त संस्थेचा मेंबर असलेल्या अकाउंटंटचं सर्टिफिकेट लागतं. बँक स्टेटमेंट त्याच बारा महिन्यांची, पर्सनल पण आणि बिझनेसचं खातं वेगळं असेल तर तेही. माझ्या बहिणीच्या फाईलमध्ये अकाउंटंटने जानेवारी ते डिसेंबरची लावली होती, टॅक्स इयरशी जुळली नाहीत, अर्ज नाकारला, फी गेली आणि दोघं आणखी सात महिने वेगळी राहिली. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण कमाई अगदी व्यवस्थित होती. प्रत्येक कागदावरची तारीख तू स्वतः बघ.

प्रश्न: माझी स्वतःची लिमिटेड कंपनी आहे, डिरेक्टर मीच, शेअर्स मी आणि बायकोकडे. दर महिन्याला पेस्लिप निघते. मग सहा महिन्यांच्या पेस्लिपवर होईल ना?

उत्तर: नाही होणार. शेअर्स घरातच असलेल्या कंपनीतून पगार घेतला तरी तुम्हाला स्वतःचं काम करणाऱ्यासारखंच मोजतात. फरक एवढाच की इथे कंपनीचं स्वतःचं आर्थिक वर्ष धरतात, आणि कंपनीचा टॅक्स रिटर्न म्हणजे सीटी ६००, अकाउंट्स, कंपनीच्या खात्याची स्टेटमेंट, तुमच्या पेस्लिप, पी ६० (वर्षभराचा पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) असं लागतं. डिव्हिडंड घेत असाल तर त्याची व्हाउचर्स पण ठेवा, आणि ते पैसे तुमच्या पर्सनल खात्यात आलेले दिसले पाहिजेत. कंपनीत पडून असलेला नफा कमाई म्हणून धरत नाहीत, तेव्हा वर्ष संपायच्या आधी अकाउंटंटसोबत बसून किती काढायचं ते ठरवा.