कागदी दोरीची खुर्ची

प्रश्न : कोपनहेगनला मुलीकडे राहिलो असताना तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती लाकडी खुर्च्या होत्या. त्यांची बैठक कागदी दोरीने विणलेली आणि पाठीचा आधार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा होता. कागदाला माणसाचे वजन कसे पेलते, आणि या खुर्चीची इतकी ख्याती का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती हान्स वेगनर (१९१४–२००७) या डॅनिश रचनाकाराची ‘विशबोन’ किंवा ‘वाय’ खुर्ची असावी. तिचा आराखडा १९४९चा असून ‘कार्ल हॅन्सन अँड सन’ ही संस्था १९५०पासून ती आजतागायत बनवीत आहे.

कागदाचे बळ त्याच्या पिळात असते. कागदाच्या पट्ट्या घट्ट पिळून त्यांचे पेड एकत्र वळले, की सुंभासारखी चिवट दोरी तयार होते. एका बैठकीला अशी सुमारे १२० मीटर दोरी लागते आणि सरावलेला विणकर ती साधारण तासाभरात विणतो. दोरी चौकटीच्या चारही दांड्यांना वेढे घेत मध्याकडे येते, त्यामुळे बसणाऱ्याचा भार एका जागी न साचता चारही बाजूंना वाटला जातो. वर्षानुवर्षांच्या वापराने विणीला झोळ आला, तर लाकडाला धक्का न लावता बैठक नव्याने विणून घेता येते.

तथापि, माझ्या मते या खुर्चीचे खरे नावीन्य तिच्या पाठीत आहे. चीनमधील मिंग काळातील खुर्च्यांवरून वेगनर यांना हा आकार सुचला. त्यांनी पाठ आणि हात वेगळे न ठेवता, वाफेवर मऊ करून वाकवलेल्या एकाच अर्धवर्तुळाकार लाकडात दोन्ही साधले. एवढ्या सडपातळ कमानीला मध्ये टेकू हवाच होता. तो टेकू म्हणजे आपण पाहिलेला ‘वाय’, त्यामुळे त्याला नक्षी समजू नये. मागचे पायही पाहण्यासारखे आहेत, कारण ते सपाट फळीतून कापलेले असूनही वाफेने वाकवल्यासारखे भासतात.

वेगनर स्वतः सुतारकाम शिकलेले होते आणि लाकडाचा तंतू कोठवर साथ देतो, हे त्यांना हाताने ठाऊक होते. ही खुर्ची घडवताना आजही शंभराहून अधिक कामे करावी लागतात आणि त्यांतील बरीचशी हातानेच होतात. मुलीला एवढे मात्र अवश्य सांगा, की फळीवरचा डबा काढण्यासाठी या बैठकीवर कोणी उभे राहू नये. विणीला बसणाऱ्याचा पसरलेला भार मानवतो, टाचेचा नाही.